लाल शाईच्या रेघा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच संगीताभोवती फिरणारी आहेत, त्यांतली तीन तर एकाच गाण्याभोवती. मागच्या अंकात अमेरिकेतल्या कंट्री संगीताबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि विषय तिथंच सोडला. तो अर्धवट राहिला हे तुम्ही बरोबर ओळखलंत. म्हणून या वेळी दुसरं काही नाही, ही पाचच पत्रं.

प्रश्न : जावयानं मला फोनवर एक गाणं पाठवलं. जॉर्ज जोन्स यांचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. माझं इंग्रजी बेताचं, तरी बहुतेक शब्द कळले. एका माणसाला त्याची प्रेयसी सोडून जाते, तो वर्षानुवर्षं झुरतो आणि शेवटी एक दिवस तिच्यावर प्रेम करायचं थांबवतो. छान कपडे करून, हसऱ्या चेहऱ्यानं कुठंतरी निघतो. मला बरं वाटलं. म्हटलं, सुटला बिचारा. दोन महिने मी ते सुटकेचं गाणं म्हणूनच ऐकत होते. मग लेक म्हणाली, "अगं आई, तो मेलाय." तेव्हापासून ते लावलं की डोळ्यांना धार लागते. यजमान म्हणतात, हे रडगाणं आहे, मुद्दाम रडवायला केलेलं. मी इतके दिवस चुकीचं ऐकत होते का? आणि यांचं म्हणणं खरं आहे का?

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते बरोबरच ऐकलंत. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी हे गाणं लिहिलं, आणि ऐकणाऱ्याचा आधी असाच समज व्हावा अशीच त्याची बांधणी आहे. नावच बघा ना. आज त्यानं तिच्यावर प्रेम करणं थांबवलं. कुणालाही वाटेल, विसरला एकदाचा. मग चार कडवी त्याची हकीकत येते. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असं तो म्हणाला होता. विसरशील हळूहळू, असं ती म्हणाली होती. भिंतीवर तिचा फोटो आहे. पलंगाशेजारी तिची पत्रं आहेत, १९६२ सालची. मग हकीकत सांगणारा म्हणतो, आज मी त्याला भेटायला गेलो होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, जायला निघावं तसे कपडे केलेले होते, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो हसताना दिसला. इथं तुम्हाला हायसं वाटलं. ते वाटायलाच हवं होतं, कारण त्यानंतर लगेच ध्रुवपद येतं, दारावर फुलांचं चक्र लावलेलं दिसतं आणि थोड्या वेळानं त्याला उचलून नेणार आहेत हे कळतं. पहिल्या ओळीतलं 'मरेपर्यंत' तेव्हा कुठं आपल्याला नीट ऐकू येतं. त्यानं शब्द पाळलेला असतो.

नावाची ओळ गाण्यात किती उशिरा येते, हेही एकदा लक्ष देऊन ऐका. गाणं सव्वातीन मिनिटांच्या आसपासचं आहे. बहुतेक गाणी ध्रुवपदाकडे पळत सुटतात. हे गाणं तुम्हाला चार कडवी थांबवून ठेवतं.

तुमच्या इंग्रजीला दोष देऊ नका. त्या ओळी कळायला शब्दांपेक्षा तिकडची अंत्यविधीची रीत माहीत असावी लागते. मलाही ती माहीत नव्हती. नव्वदच्या दशकात यांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरी, राहत होतो. शेजारी एक म्हातारी बाई राहायची. तिच्या स्वयंपाकघरात रेडिओ सकाळपासून चालू असायचा, कायम डब्ल्यूएसएम या केंद्रावर लावलेला. १९२५ पासून शनिवार रात्रीचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम लावणारं केंद्र ते हेच. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तिच्याकडेच, आणि मलाही वाटलं होतं की तो माणूस कुठंतरी गावाला निघालाय.

मग तिचा भाऊ वारला. ती मला सोबत घेऊन गेली. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी लोक तिथं शेवटचं बघायला येतात. अंगभर गालिचा घातलेली खोली, मंद दिवे, आणि समोर उघडी शवपेटी. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मी त्याला कायम एकाच निळ्या डांगरीत पाहिलं होतं आणि त्याच्या नखांत काळं वंगण असायचंच. आता तो गडद रंगाच्या सुटात होता. टाय, भांग पाडलेला, ओठांच्या कडा किंचित वर गेलेल्या. नखं स्वच्छ होती. माझी नजर त्या नखांवरून हलेना. शेजारीण पुढं वाकली, तिनं त्याच्या टायची गाठ सरळ केली आणि मला हळूच म्हणाली, "छान दिसतोय ना? असा निवांत मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता."

परत येताना गाडीत मला त्या गाण्यातली ती ओळ कळली. सजून निघालेला, हसणारा, डोळ्यांत पाणी नसलेला माणूस. म्हणजे तो मित्र त्याला भेटायला गेला होता तो असा. जे दिसलं ते सगळं त्यानं खरं सांगितलं, फक्त तो माणूस कुठं निजला होता तेवढं सांगितलं नाही.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे येते. त्यांना सांगा की खुद्द गायकाचं मत त्यांच्यासारखंच होतं. जोन्स यांना हे गाणं फार उदास वाटलं होतं. असलं कोण विकत घेणार, असं त्यांचं म्हणणं होतं. निर्माते बिली शेरिल हटून बसले. त्यांनी गीतकारांकडून ते पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. जोन्स तेव्हा दारू आणि कोकेनच्या पार आहारी गेलेले होते. गाण्यात एक भाग नुसता बोलायचा आहे, जेमतेम चार ओळी, आणि त्या सरळ बोलणं त्यांना जमेना. गाताना न अडखळणारी जीभ बोलताना अडखळायची. पहिलं कडवं आणि या चार ओळी यांच्या ध्वनिमुद्रणात दीड वर्षाचं अंतर पडलं, असं शेरिल यांनी सांगून ठेवलं आहे. १९८० च्या जुलैत गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यासाठी जोन्स यांना ग्रॅमी मिळालं, आणि कंट्री म्युझिक असोसिएशननं १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षं ते वर्षाचं गाणं ठरवलं. आपली बुडालेली कारकीर्द या तीन मिनिटांच्या गाण्यानं वर काढली, असं जोन्स पुढं स्वतःच म्हणायचे.

पण बक्षिसं मिळाली म्हणून ते रडगाणं नाही, असं मी म्हणणार नाही. बक्षिसं रडगाण्यांनाही मिळतात. मी गाणं वेगळ्या गोष्टीवरून पारखते : माझ्या आधी गायक रडतो का? तो आधी रडला तर मला करण्यासारखं काही उरत नाही, मी नुसती बघत बसते. जोन्स यांचा आवाज ऐका. दात अर्धवट मिटून गायची त्यांची सवय होती, शब्द जणू तोंडातून सुटू द्यायचा नाही अशी. स्वर खालून उचलतात, वाकवतात आणि ओळ संपायच्या आत सोडून देतात. कुठं हुंदका नाही. आणि त्या बोललेल्या ओळींत तर सूरही काढून घेतलाय. ती त्याला शेवटचं बघायला आली होती, येते की नाही असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं, या वेळी तो तिला कायमचा विसरला असं माझ्या मनात येत राहिलं, एवढंच तो सांगतो. कोपऱ्यावर भेटलेल्या ओळखीच्या माणसाला बातमी सांगावी, तसं. ती आली तेव्हा कशी दिसत होती, रडली का, किती वेळ थांबली, काही नाही.

व्हायोलिनचा ताफा मात्र ध्रुवपदात जरा जास्त उसळतो, हे मी मान्य करते. साठ-सत्तरच्या दशकांत नॅशव्हिलमध्ये कंट्रीला असं तलम अस्तर लावायची पद्धतच पडली होती आणि शेरिल त्यातले वस्ताद. यजमानांचा आक्षेप त्या व्हायोलिनवर असेल तर त्यांच्याशी माझं भांडण नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना जरूर ऐकवा. त्या पत्रांत जिथं जिथं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं लिहिलेलं होतं, तिथं तिथं त्यानं लाल शाईनं रेघ ओढली होती. थांबा इथं. लाल शाईनं रेघ कोण ओढतं? वह्या तपासणारे मास्तर, हिशेब तपासणारा कारकून. म्हणजे हा माणूस रात्री दिव्याखाली ती पत्रं तपासत बसायचा. तिनं हे खरंच लिहिलं होतं ना, मी वाचलं ते चूक नाही ना, याचा पुरावा शोधत. झुरणं, जळणं, तुटणं असे शब्द घातलेली ढीगभर गाणी आहेत. इथं एक लाल पेन आहे. माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते त्या पेनाशी.

प्रश्न : या गाण्यांत मागं एक वाद्य सारखं विव्हळत असतं. माणसाच्या आवाजासारखं, पण माणूस नाही. व्हायोलिनही वाटत नाही. ते कोणतं?

उत्तर : पेडल स्टील गिटार. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार तुमच्या कानात असेल तर हे तिचंच पुढचं भावंड. तारेवर बोटानं दाबायच्या ऐवजी पोलादी कांडी सरकवायची, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर रुजली. जोसेफ केकुकू यांचं नाव त्यासाठी घेतात. पुढं तिला पायांनी दाबायची पेडल जोडली गेली. १९५४ च्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स यांनी ती वाजवली आणि त्या गाण्यानंतर प्रत्येकाला तो आवाज हवासा झाला.

नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या एका चिंचोळ्या जागेत मी ते वाद्य हातभर अंतरावरून पाहिलंय. शेवटची लोकल असल्यासारखी गर्दी, आणि मी ढकलली जाऊन थेट वादकाच्या कोपराशी. दिसायला ते टेबलच, चार पायांचं, वर दहा तारा. डाव्या हातात जाड पोलादी कांडी, तारांना टेकलेली, दाबलेली नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. खाली डाव्या पायाशी ओळीनं पेडल, दोन्ही गुडघ्यांच्या बाजूंना लोंबणाऱ्या पट्ट्या, आणि उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं वेगळं पेडल. माणूस बसलेला असतो स्थिर, चेहऱ्यावर काही नाही, पण टेबलाखाली त्याचे पाय आणि गुडघे सारखे हलत असतात.

विव्हळण्याचं मर्म त्या पायांत आहे. आपल्या मींडेत एक स्वर दुसऱ्याकडे जातो. इथं तीन तारा एकदम वाजत असतात. पेडल दाबलं की त्यांतली एकच ताण घेऊन वर सरकते आणि बाकीच्या दोन जागच्या जागी राहतात. कानाला ते कसं लागतं सांगू? घरातली सगळी माणसं बसलेली आहेत आणि एकच उठून दाराशी गेलं, तसं. शिवाय तार छेडताना उजवा पाय आवाज दाबून ठेवतो आणि तार विरायला लागली की हळूहळू तो वाढवत नेतो. त्यामुळं छेडल्याचा ठोका ऐकू येत नाही, स्वर कुठूनतरी उगवल्यासारखा येतो आणि मरायचं नाकारतो.

पुढच्या वेळी गाणं लावाल तेव्हा शब्दांकडे लक्ष देऊ नका. ओळ संपली की मधल्या रिकाम्या जागेत ते काय बोलतं, तेवढंच ऐका. चांगला वादक गायक बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही.

प्रश्न : मी दोन वर्षं गिटार शिकतोय. तुम्ही या गाण्यांचं इतकं कौतुक करता, पण वाजवायला बसलो की तीन-चार कॉर्ड्समध्ये सगळं संपतं. चालीही एकसारख्या. यात संगीत म्हणून कौतुक करण्यासारखं काय आहे?

उत्तर : हार्लन हॉवर्ड नावाचे मोठे गीतकार होऊन गेले. कंट्री म्हणजे तीन कॉर्ड्स आणि सत्य, ही व्याख्या त्यांचीच. लोक ती सोपेपणाची सबब म्हणून वापरतात. मला त्यात अट दिसते. तीन कॉर्ड्समध्ये लपायला जागा नाही. खोटी ओळ लगेच उघडी पडते.

तुम्ही वाजवता म्हणून तुमच्या कामाचं सांगते. नॅशव्हिलचे वादक कॉर्ड्स आकड्यांनी लिहितात, सप्तकातल्या कितव्या स्वरावर ती कॉर्ड उभी आहे त्यावरून : एक, चार, पाच. पन्नासच्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत सुरू केली. गायक म्हणाला, आज घसा बसलाय, पट्टी खाली घ्या, तर कागद बदलावा लागत नाही. आपला सा हलवला की सरगम तीच राहते, तसंच. कागदावर त्यामुळं सगळी गाणी खरंच जुळी दिसतात. फरक असतो तो चारवरून एकवर किती रेंगाळत यायचं यात. तो कागदावर उतरत नाही.

हँक विल्यम्स यांचं १९४९ चं 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय' घ्या. तीन मात्रांचा संथ झुलता ठेका, मोजक्या कॉर्ड्स. रात्रीचा पक्षी, आगगाडीची शिट्टी, ढगाआड जाणारा चंद्र, सुकू लागलेली पानं, निखळणारा तारा, एकामागून एक येत राहतात. जिच्यासाठी हे सगळं एकटेपण आहे ती थेट शेवटी, एका ओळीत येते, आणि ती कुठं आहे हे त्याला माहीत नाही. तुम्ही ते वाजवा, पण दोन कॉर्ड्सच्या मधे काहीही भरू नका. बोटं शिवशिवतील. नका भरू. आठ दिवस असं वाजवून मला कळवा.

उलट बाजूचंही सांगते, नाहीतर मी साधेपणाची भक्त ठरेन. विली नेल्सन यांनी लिहिलेलं आणि पॅट्सी क्लाईन यांनी १९६१ मध्ये गायलेलं 'क्रेझी' बसवून पाहा, तुमच्या तीन कॉर्ड्स पुरायच्या नाहीत. दुःख तेच आहे, सोडून गेलेल्या माणसाचं. फक्त घर मोठं बांधलंय.

नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक जागा आहे, १९८२ पासूनची, दुकानांच्या साध्या रांगेतली, जेमतेम नव्वदएक माणसांची. तिथं गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीनं आपली गाणी म्हणतात. कुणी कुजबुजलं तरी शेजारचा ओठांवर बोट ठेवतो. मी गेले होते त्या रात्री एकानं दोनच कॉर्ड्सचं गाणं म्हटलं. संपल्यावर टाळी पडायला वेळ लागला, कारण समोर बसलेला दुसरा गीतकार आपली गिटार मांडीवर पालथी घालून खाली बघत होता आणि त्याची पाळी होती.

प्रश्न : जॉर्ज जोन्स हे गाणं स्वतःच्या घटस्फोटित पत्नीला उद्देशून गायले असं म्हणतात. तसं समजून ऐकावं का?

उत्तर : जोन्स आणि गायिका टॅमी वायनेट यांचं लग्न १९६९ चं, घटस्फोट १९७५ चा, हे खरं. गाणं लिहिलं मात्र दुसऱ्या दोघांनी, आणि जोन्स यांना ते गायचंच नव्हतं, हेही तितकंच खरं. गायकाच्या आयुष्याची चावी लावून गाणं उघडायला गेलं की आतली माणसं बाहेर पडतात आणि गायक एकटाच आत राहतो. मला ती झुरत मेलेली, नाव नसलेली व्यक्ती हवी आहे.

शरीराचं काय झालं होतं हे कळलं तर मात्र कधी कधी कान जास्त उघडतात. 'क्रेझी'च्या आधी, १९६१ च्या जूनमध्ये, क्लाईन यांना मोटारीचा भीषण अपघात झाला होता. स्टुडिओत आल्या तेव्हा बरगड्या दुखत होत्या, वरचे स्वर लावता येईनात. वादकांचं काम त्या दिवशी उरकलं आणि त्या नंतर परत येऊन गायल्या. एवढं माहीत असलं की त्या गाण्यातला श्वास वेगळा ऐकू येतो. याहून जास्त मला नको.

प्रश्न : माझी पत्नी जाऊन पावणेदोन वर्षं झाली. तिच्याकडे जॉर्ज जोन्स यांची एक कॅसेट होती, तिच्या बहिणीनं अमेरिकेहून आणलेली. आता ते गाणं मी रोज रात्री झोपायच्या आधी लावतो. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही मुद्दाम जखम उघडी ठेवताय, बंद करा. तिला वाटतं मीही त्या माणसासारखा होणार. बंद करू का?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक विचारते, रागावू नका : जेवण, झोप, चालणं-फिरणं नीट आहे ना? ते बिघडलं असेल तर गाण्याचा विषय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा, मुलीला बरोबर घेऊन. ते ठीक असेल तर पुढचं वाचा.

गाणं बंद करा असं मला म्हणवत नाही. पण झोपायच्या आधी, दिवा मालवून, रोज, हे मला पटत नाही. त्या वेळी आपण गाणं ऐकत नसतो, त्यात बुडून जातो, आणि एवढ्या कष्टानं बांधलेलं गाणं त्यात वाया जातं. ते दिवसा लावा. खुर्चीत बसून, दुसरं काही न करता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या स्वरापर्यंत, एकदाच.

आणि या वेळी त्या माणसाकडे बघू नका. सांगणाऱ्याकडे बघा. आपण सगळेच मेलेल्या माणसासाठी रडतो आणि हे सगळं आपल्याला कोण सांगतंय हे विसरतो. एक मित्र आहे. त्याला नाव नाही. पण त्याला भिंतीवरचा फोटो माहीत आहे. पत्रं पलंगाशेजारी असतात हे माहीत आहे, त्यांवरचं साल माहीत आहे, लाल शाई माहीत आहे. दाराबाहेर उभं राहून हे दिसत नाही. म्हणजे त्या माणसानं कधीतरी त्याला आत घेतलं, पलंगाच्या कडेवर बसवलं, पत्रं हातात दिली. कित्येक वर्षांत तो हसला नव्हता, हेही या मित्राला माहीत आहे. म्हणजे तो कित्येक वर्षं येत राहिला होता. मी हे गाणं पंचवीसेक वर्षं ऐकतेय, आणि आताशा मला ते सोडून गेलेल्या बाईपेक्षा या येत राहिलेल्या मित्राचं जास्त वाटतं.

तुमची मुलगी तुम्हाला बंद करा म्हणते, कारण ती दाराबाहेर उभी आहे. तिला खोलीतून येणारं रडू तेवढं ऐकू येतं. तिला आत बोलवा. गाणं लावा, ओळ थांबवून थांबवून मराठीत सांगा, आणि कुठल्या ओळीशी तुमचा गळा भरून येतो ते दाखवा. ती ओळ प्रत्येकाची वेगळी असते.

माझ्या त्या शेजारणीनं भाऊ गेल्यावर कित्येक आठवडे रेडिओ बंद ठेवला होता. ते स्वयंपाकघर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मग एका दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो, आणि तिनं ओल्या हातानंच बटण फिरवलं. थोड्या वेळानं नेमकं हेच गाणं लागलं. मी उठून बंद करायला गेले, तर तिनं माझा हात धरला. बोलायचा भाग आला तेव्हा ती म्हणाली, "इथं तो कायम चुकायचा. एक ओळ आधीच सुरू करायचा, आणि मग मान खाली घालून थांबायचा." गाणं संपेपर्यंत ती भावाबद्दलच बोलत होती. शवपेटीजवळच्या त्या संध्याकाळनंतर तिच्या तोंडून मी त्याच्याबद्दल एक वाक्य ऐकलं नव्हतं.

कॅसेट पत्नीची होती, एवढं तुम्ही लिहिलंत. तिला या गाण्यातलं काय आवडायचं, ती ते कधी लावायची, बरोबर गुणगुणायची का, हे पत्रात कुठं नाही. मला लिहून कळवलंत तर आनंदानं वाचीन. पण आधी मुलीला सांगा.